पाटीवरचे घोडे आणि पाण्यातले घोडे



सहलीचा हंगाम जवळ आला की शाळेत दोन गोष्टी हमखास होतात. मुले दिवस मोजू लागतात आणि पालकांचे प्रश्न सुरू होतात. या वर्षी सहल समितीच्या बैठकीत नर्मदेकाठच्या नौकाविहाराचा विषय निघाला. एका पालकांनी विचारले, "नौकेला किती हॉर्सपॉवरचे इंजिन असते? जास्त असलेले बरे की कमी?" दुसरे म्हणाले, "जास्त ते चांगलेच की!" विश्वस्तांपैकी एकांनी नौकाविहार कार्यक्रमातूनच वगळावा असे सुचवले. चर्चा बरीच झाली, पण मूळ प्रश्नाचे उत्तर कोणीच दिले नाही.

दुसऱ्या दिवशी आठवीतला एक विद्यार्थी माझ्या खोलीत आला. मागच्या वर्षी तो काठावर उभा राहून इंजिने बघत होता म्हणे. "सर, दोन नौकांची इंजिने अगदी सारखी दिसत होती. एकावर 9.9 लिहिले होते, दुसऱ्यावर 15. आकार सारखा तर ताकद वेगळी कशी? पाटी खोटी असते का?"

प्रश्न लाख मोलाचा होता. उत्तर चार वाक्यांत देणे मला जमले नाही, म्हणून हा लेख. माझे विज्ञानाचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, तेव्हा एखादा शब्द तिकडचा आला तर सांभाळून घ्यावे.

अश्वशक्ती म्हणजे नेमके काय?

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स वॉट यांना आपले वाफेचे इंजिन खाणमालकांना विकायचे होते. खाणीत तोपर्यंत घोडे जुंपत. ग्राहक विचारणारच, हे यंत्र किती घोड्यांचे काम करील? वॉट यांनी हिशोब बांधला. 33,000 पौंड वजन एका मिनिटात एक फूट उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती. आपल्या मापात सांगायचे तर सुमारे 76 किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलणे, म्हणजेच 746 वॅट. युरोप आणि जपानमध्ये 75 किलोंची अश्वशक्ती धरतात, ती 735.5 वॅट भरते. म्हणजे माप घेणाऱ्या दोघांचे घोडेसुद्धा अगदी एकसारखे नसतात!

यात लक्षात ठेवण्याचा शब्द आहे 'एका सेकंदात'. अश्वशक्ती म्हणजे नुसता जोर नव्हे, तर जोर किती वेगाने लावला जातो त्याचे माप. इंजिनाच्या बाबतीत सूत्र सोपे आहे: दांडा फिरवण्याचा पीळ गुणिले दर मिनिटाच्या फेऱ्या. पीळ वाढवा, शक्ती वाढेल. फेऱ्या वाढवा, तरी शक्ती वाढेल. पुढची सारी गोष्ट या दोन आकड्यांभोवतीच फिरते.

बाहेर टांगलेले इंजिन

नौकेच्या मागच्या फळीला शिकंज्याने अडकवायचे, वर इंजिन, मध्ये उभा दांडा आणि खाली पाण्यात पंखा, अशा यंत्राला आउटबोर्ड मोटर म्हणतात. पुराच्या वेळी बचाव पथकाचे जवान 'ओबीएम' म्हणतात ते हेच. नौकेच्या पोटात बसवलेले ते इनबोर्ड. नर्मदेवरच्या पुष्कळ जुन्या नावांना डिझेलचे इंजिन आतच बसवलेले असते. आपला विषय मात्र बाहेर टांगलेल्या इंजिनाचा.

या यंत्राचे माहेर अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्य. तेथे सरोवरेच सरोवरे आहेत. नॉर्वेतून लहानपणी आलेले ओले एव्हिनरूड हे मिलवॉकी शहरात कारागीर होते. सहलीला गेले असता भावी पत्नी बेस यांच्यासाठी आइस्क्रीम आणायला ते सरोवरापलीकडे वल्ही मारत गेले आणि परत येईपर्यंत आइस्क्रीम विरघळले, अशी कथा सांगतात. वल्ह्यांच्या जागी इंजिन असते तर, हा विचार तिथून सुरू झाला म्हणे. अशी इंजिने बनवण्याचा प्रयत्न त्यांच्या आधीही इतरांनी केला होता, परंतु 1909 साली एव्हिनरूड यांनी विक्रीस आणलेले इंजिन खऱ्या अर्थाने चालले. एक सिलिंडर, 62 पौंड म्हणजे सुमारे 28 किलो वजन आणि शक्ती दीड घोडा.

पुढे वजन घटवण्याची चढाओढ लागली. 1921 मध्ये एव्हिनरूड यांनीच 'एल्टो' नावाने दोन सिलिंडरांचे इंजिन काढले. त्यात ॲल्युमिनियम वापरल्याने वजन सुमारे 22 किलो राहिले आणि शक्ती 3 घोडे झाली. 1922 मध्ये जॉन्सन बंधूंनी सुमारे 16 किलोंचे, 2 अश्वशक्तीचे इंजिन बाजारात आणले. जड ओतीव लोखंडाऐवजी हलका धातू आणि एकाऐवजी दोन लहान सिलिंडर, एवढ्या दोन बदलांनी केवढा फरक पडला बघा.

दोन सिलिंडरांचा फायदा काय? एकच मोठा दट्ट्या वर-खाली होतो तेव्हा सारे यंत्र हादरते. समोरासमोर दोन दट्टे ठेवले आणि दोघे एकाच वेळी बाहेर, एकाच वेळी आत आले, तर एकाचा हादरा दुसरा खोडून काढतो. हादरे कमी म्हणजे फेऱ्या वाढवायला मोकळीक. पण या रचनेत दोन्ही सिलिंडर एकदमच पेटतात, त्यामुळे दांड्याला मिळणारा पीळ धक्क्याधक्क्याने मिळतो. पुढे सिलिंडर एकावर एक मांडून आळीपाळीने पेटवण्याची पद्धत रुळली. तिच्यात प्रत्येक सिलिंडरखालची पेटी वेगळी आणि हवाबंद ठेवावी लागते. काम किचकट, परंतु पीळ एकसारखा.

इंजिनाचा श्वास

जुनी आउटबोर्ड इंजिने बहुतेक टू-स्ट्रोक जातीची, म्हणजे जुन्या स्कूटरसारखी. दट्ट्या वर जातो तेव्हा त्याच्या खालच्या पेटीत पोकळी तयार होते आणि कार्बोरेटरमधून हवा, पेट्रोल व तेल यांचे मिश्रण आत ओढले जाते. वर त्याच वेळी आधीचे मिश्रण दाबले जाते आणि प्लग ठिणगी देतो. स्फोटाने दट्ट्या खाली येतो. खाली येताना सिलिंडरच्या भिंतीतली धुराची खिडकी उघडते, मग मिश्रणाची खिडकी उघडते. खालच्या पेटीत दाबले गेलेले ताजे मिश्रण वर येते आणि जुना धूर बाहेर ढकलते.

म्हणजे इंजिनसुद्धा श्वास घेते आणि सोडते. एका श्वासात किती मिश्रण आत जाते, धूर किती स्वच्छ बाहेर पडतो आणि मिनिटात किती श्वास होतात, यावर शक्ती ठरते. सिलिंडरचा आकार म्हणजे फुप्फुसाचा आकार. पण सारख्याच छातीचे दोन धावपटू सारखे पळतात का? नाही. एकाचे नाक चोंदलेले असेल तर तो मागे पडणार.

एकच शरीर, दोन आकडे

आता आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. 1974 साली जॉन्सन आणि एव्हिनरूड या नावांनी 9.9 आणि 15 अश्वशक्तीची इंजिने निघाली. दोन्ही नावे तेव्हा एकाच कंपनीची होती. दोन्ही इंजिनांत दोन सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास 55.6 मिलिमीटर आणि दट्ट्याची चाल 44.7 मिलिमीटर. नववी-दहावीच्या मुलांनी वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र लावून पाहावे. एकूण सुमारे 217 घन सेंटीमीटर येते. दोघांचेही तेवढेच!

फरक मुख्यतः कार्बोरेटरच्या गळ्यात. 9.9 चा गळा अरुंद, 15 चा रुंद. अरुंद गळ्यातून जास्त फेऱ्यांना पुरेल इतकी हवा जात नाही, म्हणून 9.9 चे इंजिन सुमारे 5000 फेऱ्यांवर आपली पूर्ण शक्ती देते. 15 चे सुमारे 6000 फेऱ्यांवर देते. हिशोब करू. फेऱ्या 1.2 पट झाल्या, शक्ती मात्र सुमारे 1.5 पट. मग उरलेली वाढ कुठून आली? 1.5 ला 1.2 ने भागा, 1.25 येते. म्हणजे प्रत्येक फेरीतला पीळही सव्वापट झाला, कारण प्रत्येक श्वासात मिश्रण जास्त गेले.

मग कंपनीने मुद्दाम गळा आवळलेले इंजिन का विकावे? अमेरिकेत अनेक सरोवरांवर 10 अश्वशक्तीपेक्षा मोठ्या इंजिनांना मनाई आहे. 9.9 हा आकडा त्या नियमाच्या उंबरठ्याच्या आत बसतो. शिवाय एकाच साच्यातून दोन माल निघाल्याने कारखान्याचा खर्च वाचतो. यामाहाच्या टू-स्ट्रोक 9.9 आणि 15 या जोडीतही घनफळ एकच आहे, 246 घन सेंटीमीटर.

याच कंपनीचे आणखी एक उदाहरण घ्या. 1957 मध्ये 18 अश्वशक्तीचे इंजिन आले. व्यास 63.5 मिलिमीटर, चाल 57.15 मिलिमीटर, दोन सिलिंडर, एकूण 362 घन सेंटीमीटर. याच घनफळाचे इंजिन पुढे 20 अश्वशक्तीचे झाले आणि 1969 पर्यंत 25 पर्यंत पोहोचले. सिलिंडर मोठे झाले नाहीत. श्वास मोकळा झाला आणि फेऱ्या वाढल्या.

तेव्हा पाटी खोटी नव्हती. आकार पाहून ताकद ठरवणारी आपली नजर मात्र फसली.

दारे, झडपा आणि पत्त्या

मिश्रण खालच्या पेटीत आले की ते परत कार्बोरेटरकडे जाता कामा नये. हे दार कसे सांभाळायचे, याच्या तीन पद्धती जुन्या इंजिनांत दिसतात.

पहिली सर्वांत साधी. दट्ट्याच्या खालच्या कडेनेच खिडकी उघडायची आणि बंद करायची. यात तुटण्यासारखे काही नाही. पण दट्ट्या वर जाताना खिडकी जितकी आधी उघडते, तितकीच खाली येताना उशिरा बंद होते. त्यामुळे कमी फेऱ्यांवर थोडे मिश्रण मागे फेकले जाते. खिडकी छोटी ठेवली तर हे टळते, परंतु मग जास्त फेऱ्यांवर श्वास अपुरा पडतो.

दुसरी पद्धत फिरत्या झडपेची. दांड्याबरोबर फिरणाऱ्या झडपेला भोक असते, ते बरोबर वेळी खिडकीसमोर येते. उघडण्याची आणि मिटण्याची वेळ वेगवेगळी ठेवता येते. शर्यतीच्या इंजिनांत ही पद्धत लोकप्रिय होती. मात्र झडप झिजली की हवा गळते आणि शक्ती घटते.

तिसरी पद्धत पोलादी पातळ पत्त्यांची, जिला रीड म्हणतात. बाजाच्या पेटीतल्या सुरांच्या पट्ट्या आठवा, तशाच. आत पोकळी झाली की पत्त्या वाकून वाट देतात, दाब वाढला की आपोआप मिटतात. इंजिनाला जेवढी गरज तेवढेच दार उघडते. हळू चालताना आणि जोरात पळतानाही ही पद्धत समजूतदारपणे वागते, म्हणून पुढे तीच सर्वत्र रूढ झाली. पण पत्ती चिरली किंवा नीट मिटेनाशी झाली, तर बाहेरून धडधाकट दिसणारे इंजिन निम्म्या जोरावर येऊ शकते.

धुराची वाट

आत घेणे जितके महत्त्वाचे, तितकेच बाहेर टाकणे. जुन्या रचनेत मिश्रणाची खिडकी एका बाजूला आणि धुराची बरोबर समोर असे. ताजे मिश्रण सरळ समोरून निघून जाऊ नये म्हणून दट्ट्याच्या माथ्यावर एक उंचवटा ठेवत. मिश्रण त्यावर आपटून वर वळे. युक्ती छान आहे. हळू चालताना असे इंजिन शांत राहते आणि बनवायलाही सोपे पडते. म्हणून ही पद्धत अनेक दशके टिकली. पण उंचवट्यामुळे दट्ट्या जड होतो, एका बाजूने जास्त तापतो आणि वरची ज्वलनाची जागा वेडीवाकडी होते. फेऱ्या आणि दाब दोन्ही वाढवण्यावर मर्यादा येतात.

1920 च्या दशकात जर्मन अभियंता अडॉल्फ श्नुर्ले यांनी वेगळी वाट काढली. मिश्रणाच्या खिडक्या तिरप्या ठेवायच्या, म्हणजे प्रवाह मागच्या भिंतीवर जाऊन वर चढतो, माथ्याशी वळसा घेतो आणि धुराला पुढे घालून बाहेर काढतो. दट्ट्याचा माथा जवळपास सपाट राहतो, वजन घटते.

या बदलाने काय साधले ते आकड्यांत पाहू. सोयीसाठी दर लिटर घनफळामागे किती घोडे, असे माप घेऊ. जॉन्सन-एव्हिनरूड कंपनीचे 1958 चे चार सिलिंडरांचे इंजिन 1159 घन सेंटीमीटरचे आणि 50 अश्वशक्तीचे होते, म्हणजे लिटरमागे सुमारे 43 घोडे. 1960 चे 1467 घन सेंटीमीटर आणि 75 अश्वशक्ती, म्हणजे सुमारे 51. ही दोन्ही उंचवट्याच्या दट्ट्यांची. 1968 मध्ये त्याच कंपनीने वळसा पद्धतीचे तीन सिलिंडरांचे इंजिन आणले. घनफळ अवघे 815 घन सेंटीमीटर, पण शक्ती 55! लिटरमागे सुमारे 67 घोडे. दहा वर्षांत लहान इंजिनाने मोठ्याला मागे टाकले.

तीन सिलिंडरांचा यात आणखी एक फायदा होता. धुराचा प्रत्येक झोत ही दाबाची लाट असते. तीन सिलिंडर समान अंतराने पेटत असतील, तर एका सिलिंडरची लाट दुसऱ्याच्या धुराच्या खिडकीशी नेमक्या वेळी पोहोचते आणि तिथून निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा आत ढकलते. धुराचा मार्ग योग्य लांबीचा असेल तर निव्वळ धुराकडून हे काम फुकटात करून घेता येते. उलट हाच मार्ग काजळीने भरला, तर इंजिन गुदमरते.

मोजले कुठे, लिहिले काय?

आता पाटीच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न. पूर्वी शक्ती मोजत ती इंजिनाच्या दांड्यावर. पण दांड्यापासून पंख्यापर्यंत जाताना उभा दांडा, दातेरी चाके, पाण्याचा पंप हे सारे आपला वाटा घेतात. 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत कंपन्यांनी पंख्याच्या दांड्यावर मोजलेला आकडा लिहायला सुरुवात केली. त्यामुळे तेच इंजिन नव्या पाटीवर थोड्या कमी घोड्यांचे दिसू लागले. इंजिन अशक्त झाले नव्हते, पाटी जास्त खरी झाली होती. म्हणून 1975 चे 25 आणि 1995 चे 25 हे आकडे दिसायला सारखे असले, तरी एकाच तराजूत तोललेले नाहीत.

याउलट गोष्टही घडली. कार्ल किकेफर यांनी 1939 मध्ये विस्कॉन्सिनमधीलच सीडरबर्ग येथे एक बंद पडत आलेला कारखाना घेतला. त्यात गिऱ्हाइकाने नाकारलेली सुमारे 300 आउटबोर्ड इंजिने पडून होती. ती त्यांनी दुरुस्त करून विकली आणि त्यातूनच मर्क्युरी हे नाव उभे राहिले. युद्धानंतर 1947 मध्ये त्यांनी दोन सिलिंडरांचे, 325 घन सेंटीमीटरचे इंजिन काढले. पाटीवर शक्ती 10. प्रत्यक्षात ते कितीतरी जास्त शक्ती देई आणि पाण्यावर मोठ्या आकड्यांच्या इंजिनांना मागे टाकत असे. छोट्या आकड्याच्या इंजिनाने मोठ्याला हरवणे ही जाहिरातीची उत्तम युक्तीच होती.

शर्यत भरवणारे मात्र हुशार निघाले. त्यांनी गट पाडले ते घनफळावरून, पाटीवरून नव्हे. 20 घन इंचांपर्यंतचा एक गट, 30 पर्यंतचा दुसरा. घनफळ फुटपट्टीने मोजता येते, ते खोटे बोलत नाही. दिसते तसे नसते म्हणून जग फसते, ही आपली म्हण त्यांना ठाऊक नसेल, पण अर्थ पुरता कळला होता.

पंखा आणि दातेरी चाके

समजा, दोन इंजिने खरोखर 10 अश्वशक्तीची आहेत. तरी दोघे सारखेच काम करतील असे नाही. एकात दांड्याच्या दोन फेऱ्यांना पंख्याची एक फेरी होत असेल, तर पंखा हळू पण जोराने फिरतो. त्याला मोठा पंखा लावता येतो. जड, माणसांनी भरलेली नौका ढकलायला तो चांगला. दुसऱ्यात पंखा लहान आणि वेगवान असेल, तर हलकी नौका पळवायला तो योग्य. बैल आणि घोडा यांतला हा फरक आहे. नांगराला घोडा आणि टांग्याला बैल जुंपला, तर दोष जनावराचा नसतो.

पंख्याचे पाते मुडपले, त्याला गवत गुंडाळले किंवा चुकीच्या मापाचा पंखा लावला, तर इंजिन आपल्या ठरल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचतच नाही. आणि शक्ती तर पीळ गुणिले फेऱ्या. म्हणजे पाटीवरचे घोडे तबेल्यातच राहिले!

आणखी तीन गोष्टी. एक, वय. दट्ट्याच्या रिंगा झिजल्या की दाब गळतो, मग पाटी 25 म्हणाली तरी पाण्यात 25 मिळत नाहीत. दोन, इंधन. आपल्या किनारपट्टीवर मासेमारीच्या होड्यांना रॉकेलवर चालणारी आउटबोर्ड इंजिने वर्षानुवर्षे वापरली गेली. रॉकेल जास्त दाब सोसत नाही, अवेळी पेटून ठोके देते, म्हणून अशा इंजिनांत दाब कमी ठेवावा लागतो आणि त्याच घनफळातून शक्ती कमी मिळते. तीन, उंची. समुद्रसपाटीपासून दर 100 मीटरला हवा विरळ होत जाते आणि शक्ती साधारण एक टक्क्याने घटते. आपले इंदूर सुमारे 550 मीटर उंचीवर आहे. मुंबईला मोजलेले 20 घोडे इथे वर येईपर्यंत 19 च्या आसपास उरतात, असे समजा.

आज ही जुनी टू-स्ट्रोक इंजिने मागे पडत आहेत. ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच धुराबरोबर पाण्यात आणि हवेत जातो, हा त्यांचा मोठा दोष. प्रदूषणाचे नियम कडक झाले तशी फोर-स्ट्रोक इंजिने आली. 1909 मध्ये सुरू झालेल्या एव्हिनरूड नावाच्या इंजिनांचे उत्पादनही 2020 मध्ये बंद झाले. परंतु जुनी इंजिने दणकट असतात. आपल्याकडील अनेक जलाशयांवर ती अजूनही चालताना दिसतात.

मग सहलीचे काय?

आता बैठकीतल्या प्रश्नाकडे परत येतो. जास्त घोडे म्हणजे चांगली नौका का? नाही. प्रत्येक नौकेला तिच्या अंगाप्रमाणे घोडे लागतात. लहान नौकेला मोठे इंजिन लावले तर मागचा भाग वजनाने दबतो, लाट मागच्या फळीवरून आत येऊ शकते, एकदम वेग दिला की नाक वर उचलले जाते आणि जोरात वळताना नौका कलंडू शकते. कमी घोडेही धोक्याचे. धरणातून पाणी सुटले, प्रवाह वाढला, समोरून वारा आला, तर काठाला परतण्याइतका जोर हवाच. अमेरिकेत 1972 पासून 20 फुटांखालच्या मोटारनौकांवर माणसे किती, वजन किती आणि इंजिन जास्तीत जास्त किती अश्वशक्तीचे, अशी पाटी बंधनकारक आहे. त्या पाटीत घोड्यांच्या आधी माणसांचा आकडा येतो, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

18 जानेवारी 2024 रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेल्या मुलांची नौका उलटली. 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका परत आल्या नाहीत. नौकेत क्षमतेपेक्षा जास्त जण बसले होते आणि लाइफ जॅकेट सर्वांना मिळाले नव्हते. तिथे समुद्र नव्हता, पूर नव्हता, शहरातले शांत पाणी होते. त्या दिवसापासून कोणत्याही सहलीच्या परवानगीपत्रावर सही करताना माझा हात क्षणभर थांबतो. नौकाविहार वगळा म्हणणाऱ्या विश्वस्तांचे मन मला पूर्ण समजते.

तरीही मुलांना पाण्यापासून कायमचे दूर ठेवणे हा उपाय नव्हे असे माझे मत आहे, आणि समितीने विचारांती ते मान्य केले. मात्र अटी ठरल्या आहेत. नौकेची नोंदणी आणि तपासणीचा दाखला आधी पाहिला जाईल. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2017 मध्ये नौका-सुरक्षेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्या सहल प्रमुखांनी वाचायच्या आहेत. नौकेवर लिहिलेल्या संख्येपेक्षा एकही मूल जास्त बसणार नाही, 'छोटेसेच तर आहे' हे कारण चालणार नाही. काठ सोडण्याआधी प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट असेल, त्याचे पट्टे बांधलेले असतील, आणि हीच अट शिक्षकांनाही लागू राहील. नावाड्याला इंजिन केव्हा तपासले आणि नौकेत वल्ही आहेत का, हे विचारले जाईल. यांतले एकही उत्तर समाधानकारक नसेल, तर आम्ही काठावर बसून डबे खाऊ आणि परत येऊ. त्या दिवशी मुले रुसतील, याची पालकांनी तयारी ठेवावी.

आणि आठवीतल्या माझ्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर एवढेच. दोन्ही पाट्या खऱ्या होत्या. आकार सारखा असूनही एकाचा श्वास मोकळा होता, दुसऱ्याचा मुद्दाम आवळलेला होता. पण कोणताही आकडा वाचताना तीन प्रश्न विचारायची सवय लाव. तो कुठे मोजला? कधी मोजला? आणि आज तो खरा आहे का? इंजिनाच्या पाटीपासून बाजारातल्या जाहिरातीपर्यंत आणि हो, प्रगतिपुस्तकातल्या गुणांपर्यंत, हे तीन प्रश्न सगळीकडे उपयोगी पडतात.

या वर्षी काठावर उभा राहशील तेव्हा इंजिनाची पाटी अवश्य वाच. पण आधी नौकेवर माणसांचा आकडा शोध आणि आत बसलेली डोकी मोज. हिशोब जुळला नाही तर मला येऊन सांग. मुख्याध्यापकांना सांगायला संकोच वाटला, तर तुझ्या वर्गशिक्षिकांना सांग. तेवढ्यासाठी सहल थांबली, तरी तुला कोणी रागावणार नाही, हा माझा शब्द.

आपला,
मुख्याध्यापक